बिनगोळीची सकाळ

४ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चौदा वर्षांनी चार ओळी. ‘तू बरी झालीस असं पेपरात वाचलं. मलाही तोच आजार आहे. मीही नाव दिलं आहे, एकवीस मार्चला ऑपरेशन. कळावं म्हणून लिहिलं.’ कळलं.

आधी पेपराचं सांगते. ती बातमी मी दिलेली नाही, हॉस्पिटलने दिली. नाव छापलं नाही एवढे उपकार. ‘एक निवृत्त मुख्याध्यापिका’ इथपर्यंत ठीक होतं, पण पुढच्याच वाक्यात मी ‘या आजी’ झाले. मी कोणाची आजी? संपादकांना पत्र पाठवलंय. उत्तर नाही. येणारही नाही, कारण त्यांच्याकडे मराठी लिहिता येणारं कोणी असेल असं ती बातमी वाचून वाटत नाही.

तुझा आजार मला मजकुराच्या आधी अक्षराने सांगितला. पहिली ओळ ठसठशीत, चौथी भिंगाखाली धरावी लागली. माझंही असंच व्हायचं. बाबांचा हात थरथरायचा तेव्हा आपण त्याला म्हातारपण म्हणून मोकळ्या झालो होतो. आता आपल्या दोघींच्या वाट्याला आलंय तेव्हा त्याला कंपवात म्हणतात, पार्किन्सन म्हणतात, आणि त्याच्यावर संशोधन चालतं.

माझं म्हणशील तर उत्तम चाललंय. गेल्या वर्षी जानेवारीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी माझ्या मेंदूत सोडल्या. त्याआधी खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसायला मला चोवीस सेकंद लागायचे, आता अकरा लागतात. आमच्या तुकडीत सहा जण आहेत. तिन्ही चाचण्यांत पहिला नंबर माझा.

तरी एक विचारते. इतकी घाई कशाला? अजून वर्षभर थांबलीस तर काय बिघडेल? हे लोक काही पळून जात नाहीत.

अक्षर हललंय त्याला कारण माझी लिहायची खुर्ची. एक पाय आखूड झालाय. सुताराला बोलावलंय.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

मुंगे,

या वेळी दोन पानं लिहिलीस. इतक्या लवकर तुझं पत्र, म्हणून मी वरची तारीख दोनदा वाचली.

तुझे प्रश्न घेते. डोकं सगळं भादरत नाहीत, पुढचे केस काढतात आणि ते परत येतात. भूल देतात, पण त्याआधी डोक्याला एक धातूची चौकट स्क्रूने पिळून बसवतात, तेव्हा माणूस जागा असतो. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं इवलाले स्क्रू पिळलेस, आता चष्म्याच्या बाजूने कसं वाटतं ते बघ. मग कवटीला दोन भोकं, डावीकडे एक, उजवीकडे एक. दुखत नाही. आवाज मात्र हाडातून येतो असं पेंटर म्हणतात. भूल उतरायला लागल्यावर त्यांना तो आठवला म्हणे. मला काहीही आठवत नाही.

पेंटर माझ्याच तुकडीतले. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका दमात गोल अक्षर काढणारा माणूस, आता सदऱ्याचं बटण बायकोकडून लावून घेतो. त्यांना पेशींचा काडीचा उपयोग झालेला नाही. चाचणीच्या दिवशी खुर्चीतून उठायलाच चार प्रयत्न लागतात, आणि ते सगळं व्हिडिओवर घेतात. परवा म्हणत होते, बाई, मी नाव काढून घेतो, माझ्याच डोक्यात काही रुजत नाही, त्यांचा माल फुकट घालवला.

चाचणीला गोळी चालते का, असं तू विचारलंस. चालत नाही. आदल्या संध्याकाळपासून नेहमीची गोळी बंद. सकाळी आपण आजारासकट जायचं, मधे गोळीचा पडदा नको, म्हणजे पेशींनी काय केलं ते उघडं दिसतं. पेंटर त्याला ‘बिनगोळीची सकाळ’ म्हणतात. अंगठ्यावर बोट आपटायचं, मूठ उघडायची-मिटायची, पाय आपटायचा, चालायचं. एक मुलगी स्टॉपवॉच घेऊन उभी असते. मी तिला स्टॉपवॉचवालीच म्हणते. तरतरीत आहे, पण ‘श’ आणि ‘ष’ मधला फरक तिला कोणी शिकवलेला नाही.

मी या सगळ्याचा घरी सराव करते, रोज, घड्याळ लावून. परीक्षेचा अभ्यास करू नये असं कुठे लिहिलंय? कॉन्व्हेंटात ‘फूटपट्टी’ सिस्टरच्या वर्गात तू आणि मी बोटांवर फटके खाऊनच शिकलो की तयारी न करता बाकावर बसायचं नाही. सिस्टर आज असती तर तिने पेंटरनाही उठायला लावलं असतं.

आता तू जाता जाता लिहिलेल्या ओळीबद्दल. तुमच्या तुकडीला दुप्पट पेशी सोडणार आहेत, कारण पहिल्या तुकडीत कोणाला त्रास झाला नाही आणि एकीला तर इतका गुण आला. त्यातली ‘एक’ मी आहे हे मला कळतं. दुप्पट. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुंगे, हे फॉर्ममध्ये लिहिलंय का, की तोंडी सांगितलंय? नीट वाचून कळव. सही करण्याआधी दोनदा वाचायचं, इतकं तरी आपल्याला शिकवलंय.

सुतार येऊन गेला. खुर्ची फरशीवर ठेवून, चारी बाजूंनी दाबून म्हणाला, चारी पाय सारखे आहेत. त्याला काय कळतंय.

ताई


६ मार्च

मुंगे,

काल दुपारी तुझी लेक आली होती. न सांगता. दार उघडलं तर समोर ती. चौदा वर्षांत तिचा चेहरा तुझ्यावर गेलाय, जीभ मात्र माझ्यावर. गाडी चालवायला शिकवते म्हणाली. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पायांकडे बघायचं. माणूस घाबरला की तोंडाने काही का बोलेना, पायाने सांगतो, असं तिचं म्हणणं.

मी चहा केला. कप तिच्यापर्यंत नेला, थेंब सांडला नाही. ती म्हणाली, आईला हे बघायला हवं होतं. मग तुझं सांगत बसली: ब्लाउजची हुकं, जिना, फोनवर तुझा आवाज लोकांना ऐकू जात नाही ते. तू ऑपरेशनसाठी नवीन गाऊन आणलेत. दोन आणलेत, म्हणजे परत येण्याची खात्री आहे, असं हसून म्हणाली.

मी खुर्चीत बसले होते. बोलता बोलता तिने टेबलाखाली पाहिलं. मी डावा पाय खुर्चीच्या पायामागे अडकवून बसते, ती माझी सवय आहे. तिने बराच वेळ पाहिलं. मग वर बघून अगदी हळू म्हणाली,

“मावशी, चिठ्ठी कुठे लपवलीयेस?”

मी तिला जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चौदा वर्षांपूर्वी कॉपीची चिठ्ठी तिच्याकडे सापडली होती, माझ्याच शाळेत, कंपासपेटीत, भूमितीच्या पेपराला, आणि ती मला सापडली होती. ‘सख्खी भाची आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्या दोन शिक्षिका माझ्या मागे उभ्या होत्या. मी सोडलं असतं तर बाकीच्या अडीचशे मुलींना कोणत्या तोंडाने सामोरी गेले असते? तिचं वर्ष गेलं, तुझं माझ्याशी बोलणं गेलं. त्या दिवशी मी बरोबरच होते. आजही तेच म्हणेन.

ती उठली. चपला घालताना म्हणाली, मला तो चेहरा ठाऊक आहे, मावशी, मी अख्खा पेपर तो करून बसले होते. आईला मी काही सांगणार नाही. तूच सांग. एकवीस तारखेच्या आत.

उद्धट मुलगी. तुझे लाड.

माझा पाय ठीक आहे.

ताई


७ मार्च

मुंगे,

कालचं पत्र टाकलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. आधी ते वाच, मग हे. उलटं वाचलंस तर मी तुला बरी वाटेन, आणि ते मला नको आहे.

माझा पाय ठीक नाही. ऑक्टोबरपासून डावा पाय आपला आपण हलतो. थरथर नाही. थरथर तुला-मला ओळखीची आहे. हा घोट्यातून वळतो, बोटं पसरतात, पाऊल आत जातं, बाहेर येतं, जणू कोणी दुसरंच तो पाय घालून बघतंय. मी त्याला खुर्चीच्या पायामागे अडकवते. घरातही बुटाच्या नाड्या आवळून बसते. हॉस्पिटलमध्ये कोणी विचारलं तर पेटका आलाय म्हणते. फॉर्मवर ‘नवीन त्रास’ या रकान्यात मी तेव्हापासून प्रत्येक वेळी ‘नाही’ लिहिलं आहे. सुंदर अक्षरात.

आणि चिठ्ठी आहे. तुझ्या लेकीने बरोबर ओळखलं. चाचणीच्या तिन्ही सकाळी मी गोळी घेऊन गेले.

पहिल्यांदा ठरवून नव्हतं. गेल्या एप्रिलमध्ये पर्समध्ये एक गोळी होती. माझ्या आधी पेंटरचा नंबर होता आणि दार उघडंच होतं. ते चारदा उठायला गेले आणि चारदा खाली बसले. मोठे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. या संशोधनाला त्यांनी बावीस वर्षं दिलीत. चिडले नाहीत, काही नाही, फक्त हातातला कागद दुमडून खिशात घातला. मुंगे, तो चेहरा मी ओळखते. हुशार समजलेली मुलगी नापास झाली की माझा तसाच व्हायचा. माझ्यामुळे कोणाचा तसा चेहरा आजवर झालेला नाही. मी बाथरूममध्ये गेले, गोळी घेतली, आणि पोट बिघडलंय म्हणून पाऊण तास बाहेर काढला. मग आत जाऊन धावले. तो कागद त्यांनी परत बाहेर काढला.

पुढच्या दोन वेळा ठरवूनच होतं. एकदा पहिला नंबर आल्यावर दुसऱ्यांदा कसा सोडायचा?

म्हणजे चोवीसाचे अकरा झाले ते गोळीने. पेशींनी काय केलं, मला माहीत नाही. पाय पेशींनी हलतो की गोळीने, तेही माहीत नाही, आणि हॉस्पिटललाही कळायची सोय मी ठेवलेली नाही. आणि याच्या जोरावर ते तुझ्या डोक्यात दुप्पट सोडणार आहेत.

हसायचं तर हसून घे. चाळीस वर्षं मी मुलींच्या बाह्या, रुमाल, मोजे तपासले. माझी पर्स तपासायचं कोणाच्याच मनात आलं नाही, मुख्याध्यापिकेची पर्स म्हणून.

मला काय वाटतं ते सरळ सांगते. मला शरमेपेक्षा भीती जास्त आहे. हा पाय उद्या गुडघ्यापर्यंत येईल, मग कमरेपर्यंत, मग मानेपर्यंत, आणि ज्याने आत सोडलंय त्याला तो थांबवता येणार नाही. दुपारी जेवून बसते आणि त्याच्याकडे बघत राहते. तो थांबतो तेव्हा जास्त भीती वाटते, कारण पुन्हा सुरू होईपर्यंत मला श्वास धरून बसावं लागतं.

सोमवारी मी जाऊन सांगणार आहे. तोपर्यंत कशावरही सही करू नकोस. केली असशील तर फोन करून थांब म्हण. हे पाकीट कुरियरने पाठवते आहे.

ताई


१२ मार्च

मुंगे,

सांगितलं.

भाषण तयार केलं होतं, दीड पानाचं. खोलीत गेल्यावर पहिलंच वाक्य आठवेना, मग पर्स उघडून गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मी या घेऊन येत होते.

मोठ्या डॉक्टरांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, किती वेळा? मी म्हटलं, प्रत्येक वेळी. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी ओरडा खायच्या तयारीने गेले होते, ओरडा मला पेलला असता. मग वळून म्हणाले, बाई, बूट काढा. त्यांनी पाय पाहिला. गुडघ्यावर बसून पाहिला, माझ्या पुढ्यात, एवढा मोठा माणूस.

स्टॉपवॉचवाली दाराशी उभी होती. तिला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता, बाई. घड्याळावर ठेवला होता.” मी वर्गात कोणाला इतकं नेमकं बोलले नसेन.

पेंटरना मीच फोन केला. आधी ते हसले. हसताना खोकला आला. मग म्हणाले, वर्षभर बायकोला सांगत होतो की बाईंच्या डोक्यात झाडं आली आणि माझ्या डोक्यात खडक आहे. तिला बोलावतो, तुम्ही तिला सांगा. सांगितलं. तिने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. भाषा वाईट होती, मुद्दा बरोबर होता.

तुमच्या तुकडीचं काम थांबवलंय. तुला हॉस्पिटलकडून कळलंच असेल. तू वाचलीस, असं मनात आलं आणि मी खुर्चीत बसून रडले. हे तुझ्याखेरीज कोणाला सांगू नकोस.

चोवीस तारखेला मला खरी बिनगोळीची सकाळ द्यायची आहे. एक रात्र आधी तिथेच ठेवून घेणार, नर्स शेजारी, पर्स कुलपात. मीच तसं करा म्हटलं.

ताई


२७ मार्च

मुंगे,

तुझं कार्ड आलं. ‘आधी माझ्या लेकीचं वर्ष बुडवलंस, आता माझं.’ एवढंच, खाली सहीसुद्धा नाही.

मी मूर्ख आहे. तू सुटलीस म्हणून रडत बसले, आणि तुझ्या हातून काय गेलं ते माझ्या लक्षातच आलं नाही. नवे गाऊन आणून, दिवस मोजून बसलेल्या बाईला मी परस्पर सांगितलं की घरी जा. तुझ्या लेकीने काल फोनवर सांगितलं, तू एकवीस तारखेला सकाळी उठून, आवरून, बॅग घेऊन दाराशी बसून राहिलीस. दुपारपर्यंत. 

चोवीस तारखेचं सांगते.

सकाळी जाग आली तेव्हा कुशीवर वळता येईना. नर्सने वळवलं. तोंडातली लाळ तिने पुसली. चाळीस वर्षं ‘रुमाल कुठे आहे?’ म्हणून मुलींना विचारणारी मी. खुर्चीत बसवलं आणि स्टॉपवॉचवालीने सांगितलं, उठा. मी उठायला गेले आणि उठले नाही. पेंटर चार प्रयत्नांत उठायचे, मला सहा लागले. चालताना पावलं जमिनीला चिकटली. जाऊन-येऊन एकतीस सेकंद. ऑपरेशनच्या आधी चोवीस होते, हे तूच मांडून बघ.

आणि पाय. चौदा तास अंगात गोळी नव्हती, सगळं शरीर लाकूड झालं होतं, आणि तो एकटा हलत होता. डॉक्टर म्हणाले, म्हणजे गोळी नाही, पेशी. म्हणाले, त्या जगल्या आहेत, रुजल्या आहेत, पण आपल्याला हवं ते करत नाहीत, त्यांना हवं ते करतात. मी विचारलं, बाहेर काढता येतात का? त्यांनी नाही म्हटलं. खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानले. घरी येऊन मात्र तीन दिवस त्या एका शब्दाशिवाय डोक्यात काही नाही.

तुझ्या कामाचं आता ऐक. तुमची तुकडी रद्द केलेली नाही. पेशी दुप्पट नाही, आमच्याइतक्याच सोडायच्या, आणि फॉर्ममध्ये माझा पाय लिहायचा, असं त्यांचं ठरतंय. पेंटरना पेशींचा त्रास नाही, बाकीच्या चौघांनाही नाही, एकाला तर खरोखरच थोडा गुण आहे. माझ्या पहिल्या नंबराखाली त्याचा गुण कोणाला दिसलाच नव्हता. हेही तुला कळायला हवं. पुढच्या गुरुवारी तुम्हा सहा जणांना बोलावून माझा चोवीस तारखेचा व्हिडिओ दाखवणार आहेत. चेहरा झाकायचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको. माझी बहीण आहे त्या सहांत, तिला कळू दे कोण आहे ते.

बघून झाल्यावर सही करायची की नाही ते तू ठरव. केलीस तर मी अडवणार नाही. हात पुढे करून कागद हिसकावून घ्यायचं माझं काम संपलं. तू म्हणशील तर शेजारी येऊन बसेन, नको म्हणशील तर बाहेरच्या बाकावर.

आणखी एक. स्टॉपवॉचवाली प्रत्येक वेळी शेवटी विचारते, कसं वाटतंय? त्यासाठी छापील रकाना आहे. मी नेहमी ‘छान’ म्हणायचे. या वेळी म्हटलं, भीती वाटते, माझ्या बहिणीला बोलवा. माझा आवाज फार खाली गेलाय, मोठा करायला सांग.

ते बाविसाव्या मिनिटाला आहे. पण पुढे ढकलून थेट तिथे जाऊ नकोस. आधीचं सगळं बघ.

ताई